चाबूक बैलाला, बक्षीस माणसाला!

सुगी आटोपून राने मोकळी झाली, की मराठवाड्याच्या काळ्या मातीवर शंकरपटाची धूळ उडू लागते. पुणे जिल्ह्यात ज्याला बैलगाडा म्हणतात आणि सांगली-साताऱ्याकडे जी छकड्यांची शर्यत, तोच आमच्याकडचा शंकरपट. न्यायालयांच्या आज्ञेने वर्षानुवर्षे बंद राहिलेला हा खेळ डिसेंबर २०२१ पासून पुन्हा राजरोस सुरू झाला आहे. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध जे काही बोलावयाचे ते उभयपक्षी बोलून झाले आहे. शर्यत असावी की नसावी ह्या वादात आम्हांला आज पडावयाचे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १८ मे २०२३ रोजी तो निकालात काढला. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, आणि तो बैलाविषयी नसून माणसाविषयी आहे. ज्याने पटावर बैलाला आरीने टोचले, त्याची शेपटी दातांखाली धरली किंवा काठीत दडवलेल्या बॅटरीचा झटका त्याच्या पुठ्ठ्याला दिला, तो इसम पुढच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या पटावर पुन्हा कासरा हातात घेऊन उभा राहावा काय?

आमचे उत्तर स्पष्ट आहे. तो राहता कामा नये. दंड भरून सुटला तरी नाही, गावचा लाडका असला तरी नाही, आणि त्याच्या जोडीने तालुक्याचे नाव गाजविले असले तरी तर मुळीच नाही.

हे उत्तर देण्यापूर्वी मागचा इतिहास थोडा आठवला पाहिजे, कारण त्यातच ह्या प्रश्नाचे मर्म आहे. केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये एक अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत वळूचा समावेश केला. त्या आधारे महाराष्ट्रात शर्यतींवर गदा आली. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यत ही दोन्ही एकाच निकालाने बंद केली. त्या निकालपत्रात जल्लिकट्टूच्या मैदानांवर नोंदविलेल्या गोष्टी ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना न्यायमूर्तींचा राग अनाठायी वाटणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अटी घालून शर्यतींना वाट करून देण्याचा प्रयत्न केला, तो न्यायालयाने आठवडाभरातच थोपविला. मग २०१७ मध्ये महाराष्ट्राने आपल्यापुरती कायद्यात दुरुस्ती केली. तिच्या अंमलबजावणीला मुंबई उच्च न्यायालयाने आडकाठी केली. आणि अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींस मोकळीक दिली. २०२३ च्या निकालाने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले.

ह्या सगळ्या खटल्यांत शर्यत कशामुळे बंद पडली होती? बैल धावला म्हणून नव्हे. त्याला धाववण्याकरिता काय केले गेले, म्हणून! पटावर शंभर जोड्या आल्या आणि त्यांतल्या पाच जणांनी पराणी चालविली, तर न्यायालयापुढे चित्र जाते ते त्या पाचांचे. शिक्षा मात्र झाली उरलेल्या पंच्याण्णवांना. ज्यांनी आपल्या बैलाला पोटच्या पोराप्रमाणे पेंड-सरकी चारली आणि केवळ तोंडाच्या हाकेवर त्याला पळविले, त्यांचाही खेळ वर्षानुवर्षे बुडाला. म्हणून अपराधी माणसाला बाद करा ही मागणी शंकरपटाच्या शत्रूंनी करण्याऐवजी त्याच्या मित्रांनीच पहिल्याने करावयास हवी होती. ती त्यांनी केली नाही, ह्याचे आम्हांला नवल वाटते.

कोणी म्हणेल, हे गावचे हौशी खेळ, त्यांना शिस्तीचे हे शहरी जोखड कशाला? परंतु ही हौस आता पूर्वीची राहिली आहे काय? बक्षिसाला एके काळी पितळेचा हंडा किंवा फेटा असे. आज मोटारसायकली, ट्रॅक्टर आणि मोटारगाड्या लागतात. नावाजलेल्या बैलाची किंमत लाखांत बोलली जाते. त्याच्या नावाचे फलक चौकाचौकांत झळकतात. त्याची चित्रफीत संध्याकाळपर्यंत पुण्यामुंबईच्या मोबाइलवर पोहोचते. गाडी हाकणारा धुरकरी आज ह्या गावी तर उद्या त्या गावी जातो, त्याची बिदागी ठरलेली असते, आणि कोणता धुरकरी मिळाला ह्यावर मालकाची मिजास अवलंबून असते. ह्याला धंदा म्हणावयाचे नाही, तर कशाला म्हणावयाचे? धंदा करणाऱ्याला धंद्याची शिस्तही पत्करली पाहिजे. मुंबईच्या महालक्ष्मीवर किंवा पुण्याच्या मैदानावर श्रीमंतांचे घोडे धावतात, तेथे जॉकीला परवाना लागतो. चाबूक वाजवीपेक्षा अधिक चालविला तर मैदानावरचे पंच त्याला काही दिवसांकरिता बाद करतात, आणि त्या दिवसांची त्याची कमाई बुडते. परदेशी बनावटीच्या टोप्या घालून जी शिस्त पाळता येते, ती मुंडासे बांधून पाळता येणार नाही, असे म्हणणे हा मुंडाशाचाच अपमान आहे.

जगात अन्यत्र काय चालते हेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडची शार्लोट दुजार्डिन ही घोडेस्वारीतील तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांची मानकरी. २०२४ च्या जुलैत पॅरिसचे ऑलिंपिक तीन दिवसांवर आले असताना तिची एक जुनी चित्रफीत बाहेर आली. शिकवणीच्या वेळी ती एका घोड्याच्या पायांवर लांब चाबकाने एकसारखे फटके मारीत होती, मिनिटभरात चोवीस. तिने स्वतःच स्पर्धेतून माघार घेतली. पुढे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने तिला वर्षभर बाद केले आणि दहा हजार स्विस फ्रँकचा दंड केला. घटना जुनी होती, स्पर्धेत घडलेली नव्हती, आणि बाई देशाची लाडकी होती. ह्यांपैकी एकही सबब चालली नाही. त्याच्याही आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, टोकियोच्या आधुनिक पंचक्रीडा स्पर्धेत एका जर्मन प्रशिक्षिकेने उडी मारावयास न धजणाऱ्या घोड्याला कुंपणावरून ठोसा मारला. तिला उरलेल्या स्पर्धेतून तत्काळ बाहेर काढण्यात आले. पण प्रकरण तेवढ्यावर थांबले नाही. एका ठोशाचा जगभर इतका बोभाटा झाला की, पॅरिसनंतर त्या क्रीडाप्रकारातून घोडाच काढून टाकण्याचे ठरले! शंभराहून अधिक वर्षे चालत आलेला क्रीडाप्रकार काही मिनिटांच्या दृश्यामुळे बदलला. शंकरपटाच्या अभिमान्यांनी ही गोष्ट गाठीला बांधून ठेवावी.

येथे एक भेद करणे मात्र अगत्याचे आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत लंडनच्या वेस्ट हॅम संघाचा फुटबॉलपटू कुर्त झुमा घरातल्या मांजराला लाथ मारताना दिसला. संघाने त्याला दुसऱ्याच दिवशी खेळविले, दोन आठवड्यांचे वेतन दंड म्हणून कापले, आणि जूनमध्ये न्यायालयाने त्याला १८० तासांची समाजसेवा व पाच वर्षे मांजर पाळण्यास मनाई अशी शिक्षा दिली. त्याला फुटबॉलमधून कायमचे हाकलावे, अशी ओरड तेव्हा पुष्कळ झाली. अमेरिकेत मायकेल विक हा तेथील फुटबॉलचा नामांकित खेळाडू कुत्र्यांच्या झुंजी लावून त्यांत कुत्र्यांची हत्या केल्याबद्दल २००७ मध्ये तुरुंगात गेला. त्याला खेळातून बेमुदत निलंबित केले गेले. शिक्षा भोगून तो २००९ मध्ये मैदानावर परतला आणि त्यानंतर अनेक वर्षे खेळला. आम्हांला विचाराल तर झुमाच्या बाबतीत न्यायालयाने योग्य तेच केले. ज्याच्या खेळात मांजराचा काही संबंध नाही, त्याच्या हातून चेंडू काढून घेतल्याने मांजराचे रक्षण होत नाही. त्याच्या घरून मांजर काढून घेतल्याने होते. विकचे कृत्य झुमाच्या लाथेहून शतपटीने घोर होते आणि त्याची शिक्षाही तशीच जबर झाली. ती भोगून झाल्यावर त्याला पोट भरण्याचा मार्ग बंद करणे हे न्यायाहून सुडाच्या अधिक जवळ गेले असते. लोकप्रिय माणसाला फाडून खाण्यात जमावाला जो आनंद होतो, त्याला भूतदया हे नाव देण्यास आम्ही तयार नाही.

परंतु शंकरपटाच्या धुरकऱ्याला हा युक्तिवाद लागू पडत नाही. त्याच्या खेळात चेंडूच्या जागी बैल आहे. किंबहुना बैल हाच तेथला खरा खेळाडू. फरक एवढाच की, त्याने प्रवेशपत्रिकेवर सही केलेली नाही आणि बक्षिसाची मोटार चालविण्याची त्याला इच्छा नाही. ज्याने आपल्या जोडीदार खेळाडूला लोखंडाच्या टोकाने भोसकले, त्याला मैदानाबाहेर ठेवणे ह्यात अधिकची शिक्षा कोणती? तो खेळाचाच नियम आहे.

आता कायद्याकडे वळू. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला मूळ कायदा १९६० चा. नृत्यकलेकरिता प्रसिद्ध असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्याकरिता खासगी विधेयक आणले होते, आणि पंडित नेहरूंच्या सरकारने तो विषय आपल्याकडे घेऊन कायदा केला. त्यातील दंडाचे आकडे आजही वाचकांनी डोळे चोळून वाचावेत असे आहेत. पहिल्या गुन्ह्यास किमान दहा रुपये, कमाल पन्नास! त्या काळी दहा रुपयांना काही मोल होते. आज पटावर बैलाला यातना देण्याची ही रक्कम म्हणजे चहा-भज्यांचे बिल होय. महाराष्ट्राने २०१७ च्या दुरुस्तीत दुसरे टोक गाठले: शर्यतीत बैलाला यातना दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. हे ऐकावयास भारदस्त आहे. परंतु गावच्या पटावर आपल्याच भावकीतल्या पोराला तीन वर्षे तुरुंगात धाडण्याकरिता साक्षीला कोण उभा राहणार? पोलीसपाटील? आयोजक? शिक्षा जेवढी जबर, तेवढी ती अमलात येण्याची शक्यता कमी, हा ग्रामीण भागातला अनुभव काही आजचा नाही. पन्नास रुपयांचा दंड कोणी मोजत नाही आणि पाच लाखांचा कोणी करीत नाही; मधल्यामध्ये बैल मार खातो.

मधला मार्ग मात्र कायद्यातच आहे, आणि तो धूळ खात पडला आहे. १९६० च्या कायद्याचे एकोणतिसावे कलम फार थोड्यांनी वाचलेले दिसते. दोषी ठरलेल्या इसमास ठरावीक मुदतीपर्यंत किंवा कायमची, कोणताही प्राणी आपल्या ताब्यात ठेवण्यास मनाई करण्याचा अधिकार त्या कलमाने न्यायालयाला दिलेला आहे. झुमाला इंग्रज न्यायाधीशाने जी शिक्षा दिली, तिच्या जातीची तरतूद आमच्या संसदेने साठाहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत हे कलम जपून वापरावे लागेल, हे आम्ही मान्य करतो. ज्याचे सारे शेत एका जोडीवर चालते, त्याची जोडी सरसकट काढून घेणे म्हणजे त्याच्या लेकराबाळांच्या तोंडचा घास काढणे. परंतु शर्यतीकरिताच जो लाखांचा बैल बाळगतो, त्याचे शेत त्या बैलावर चालत नसते. औताला जुंपण्याइतका स्वस्त तो बैल नाही.

न्यायालयाचा निकाल लागावयास वर्षे लागतात. शंकरपट मात्र दर हंगामात भरतो. तेव्हा तोवर काय? ह्याचे उत्तर जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत आहे. शर्यतीला परवानगी त्यांची लागते. धावेचे अंतर एक हजार मीटरच्या आत, पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र आवश्यक, काठी-चाबूक-विजेचा झटका ह्यांना मनाई, असे राज्याचे नियम सांगतात. ज्या हाताला परवानगी देण्याचा अधिकार आहे, त्या हाताने परवानगीच्या अटींत नावानिशी माणूस बाद करण्याची अट घातली पाहिजे. अमुक धुरकऱ्याविरुद्ध चित्रफितीचा किंवा पशुवैद्यकाच्या तपासणीचा पुरावा पुढे आला. त्याला बोलावून त्याचे म्हणणे ऐकून घेतले. आरोप खरा दिसला. की एक हंगाम तो कोणत्याही पटावर उतरणार नाही. पुन्हा केले तर पाच वर्षे. तिसऱ्यांदा केले तर घरी बसावे. आणि हे बंधन एका जिल्ह्यापुरते ठेवून उपयोग नाही. परभणीत बाद झालेला गडी उद्या हिंगोलीत, परवा जालन्यात उतरला, तर आपण केवळ निर्दयतेला वाहनभत्ता दिला असे होईल. नावांची वही राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने ठेवावी आणि ती प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याच्या मेजावर असावी.

ह्यात एक धोका आहे, तो आम्ही लपवीत नाही. कासरा हातात असतो धुरकऱ्याच्या, पण बक्षीस जाते मालकाच्या अंगणात. बाद होण्याची पाळी आली की मालक नामानिराळा राहणार आणि गरीब पोराचा बळी जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. म्हणून बाद करावयाचे तर दोघांना: ज्याने पराणी चालविली त्याला आणि ज्याच्या बैलावर चालविली त्याला. ती फेरी रद्द, तिचे बक्षीस परत. बैल मात्र बाद करू नये. त्याचा काय अपराध? मालकाला बंदी झाली म्हणजे त्याला बाजार दाखवला जाऊ नये, ह्याचीही तजवीज लागेल.

बाजाराचा विषय निघाला म्हणून एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. ट्रॅक्टर आला तसा गोठ्यातला बैल आटत गेला. २०१५ मध्ये राज्याने बैलाच्या कत्तलीवरही बंदी घातली, तेव्हापासून थकलेल्या बैलाचे करावयाचे काय, ह्याचे समाधानकारक उत्तर कोरडवाहू शेतकऱ्याला कोणी दिलेले नाही. अशा वेळी शंकरपटामुळे बैलाला किंमत राहते, देशी वाण टिकतो, असे जे सांगितले जाते, ते अगदीच पोकळ नाही. तथापि आमच्या भागाचा वाण कोणता? लाल कंधारी! नांदेड-परभणीकडचा हा तांबडा, काटक बैल ओढकामाचा; नांगर आणि गाडा ही त्याची कीर्ती. पटावर मान मिळतो तो माणदेशाकडच्या चपळ खिलारला. तेव्हा वंशसंवर्धनाचा झेंडा मिरविणाऱ्यांनी परभणीत येऊन लाल कंधारीसाठी आपण काय केले हेही एकदा सांगावे.

शहरातल्या सुशिक्षित वाचकाला हे सारे वाचून आपण बाजूला उभे आहोत असे वाटण्याचा संभव आहे. तो भ्रम आहे. पटाची चित्रफीत घरबसल्या पाहणारा, बैलाच्या वेगावर वाहवा करणारा आणि त्या वेगाच्या मागे काय चालले आहे तिकडे काणाडोळा करणारा प्रेक्षक मोठ्या संख्येने आमच्यातच आहे. फलकावर छायाचित्र लावणारे पुढारीही आम्हीच निवडून दिलेले. आणि परभणीला तरी जाणकारांची वाण कुठे आहे? येथे १९७२ पासूनचे कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यक महाविद्यालय आहे. बैलाच्या पुठ्ठ्यावरची जखम झुडपाच्या काट्याची की आरीची, शेपटीचा मणका पडून दुखावला की पिरगाळून, हे ओळखू शकणारे डोळे ह्या शहरात आहेत. त्यांना पटावर केवळ प्रमाणपत्रावर सही करण्यापुरते बोलावण्याऐवजी धावेच्या आधी आणि धाव संपल्यावर अशी दोन वेळा तपासणी करू द्यावी. सकाळी अंगावर ओरखडा नव्हता आणि दुपारी रक्त आहे, एवढी नोंद कागदावर आली, की भावकीतल्या साक्षीदाराची गरजच उरणार नाही.

शेतकऱ्याचे बैलावर प्रेम नाही, असे म्हणणाऱ्याने मराठवाडा पाहिलेलाच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याच्या खांद्याला हळद-तूप चोळून उद्याच्या जेवणाचे आवतण दिले जाते, शिंगे रंगवून, झूल घालून ज्याला मारुतीच्या देवळापुढे मिरविले जाते, तो ह्या घरातला माणूसच असतो. पण ह्या प्रेमाची साक्ष पोळ्याला काढून पटावर त्यालाच आर लावावयाची, हा व्यवहार आता चालणार नाही. बहुसंख्य शेतकऱ्यांनाही तो मान्य नाही. गावच्या पारावर बसून विचारले तर पराणी चालविणाऱ्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते आणि त्याच्याविषयी कोणी चांगले बोलत नाही. केवळ ते नाव लिहून घेणारा कोणी नसतो.

येत्या हंगामाच्या परवानग्यांचे अर्ज जिल्हाधिकारी कचेरीत येतील, तेव्हा त्या अर्जाच्या नमुन्यात आणखी दोन रकाने असावेत, एवढीच आमची मागणी आहे. पहिला रकाना उतरणाऱ्या प्रत्येक जोडीच्या मालकाच्या व धुरकऱ्याच्या नावाचा. दुसरा, त्यांपैकी कोणी पूर्वी कोठे बाद झाला आहे काय, ह्याचा. आणि खोटी माहिती दिल्यास आयोजकाला पुढील वर्षी परवानगी नाही, ही ओळ त्याखाली छापलेली असावी. ह्याला ना विधानसभेची बैठक लागते, ना सर्वोच्च न्यायालयाचा उंबरठा. कागदाचा एक ताव आणि कचेरीतल्या एका कारकुनाचे अर्ध्या दिवसाचे काम!